अण्णांची सही आणि दोन सीटची गाडी

अण्णांनी एखाद्या गोष्टीला ‘झालं’ म्हटलेलं मी लहानपणी कधी ऐकलं नाही. आई वाढून झाल्यावर विचारायची, “कशी झालीय आमटी?” की ते दुसरा घास घेऊन म्हणायचे, “मीठ पोचतंय.” एवढीच त्यांची दाद. प्रगतिपुस्तकावर सही मागायला गेलं की माझे वडील चष्मा लावून बसायचे, गणिताच्या आकड्यावर बोट ठेवायचे, “ह्यात अजून जागा आहे” म्हणायचे आणि पुस्तक सही न करताच परत द्यायचे. शाळेत बाई ओरडायच्या. शेवटी आठवीपासून मी त्यांची सही स्वतःच करायला शिकले. त्यांच्या नावातल्या ‘ग’चा काना लांब खाली ओढायचा आणि शेवटी एक आडवी रेघ मारायची. बाईंना कधी शंका आली नाही. हे इथे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते काही एका सकाळी सुचलेलं नव्हतं. माझा हात त्यासाठी कित्येक वर्षं तयार होत होता.

अण्णा मूळचे भुसावळचे. रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन झाशीला आले, इथल्या एका जुन्या मराठी घरातली मुलगी सांगून आली, आणि मग ते कुठे गेलेच नाहीत. शेडमध्ये वाफेची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या टोळीचे ते चार्जमन होते. त्या टोळीत त्यांनी स्वतः पाडलेली एक रीत होती. दुरुस्त झालेल्या इंजिनापुढे वहीत ‘फिट’ लिहून जो सही करील, त्यानं त्या इंजिनाच्या पहिल्या फेरीला स्वतः वर चढून जायचं. मग अंगात ताप असो की घरी पाहुणे असोत. “सही ठोकून घरी जेवायला जाणाऱ्याची सही काय कामाची?” असं ते म्हणत. भोंगा वाजून तासभर झाला तरी त्यांचं ताट झाकलेलंच असलं, की आई समजायची की आज कुठल्या तरी इंजिनावर सही झालेली आहे. आणि गंमत अशी, की इंजिनाच्या पोटातला खिळा न् खिळा ओळखणाऱ्या अण्णांना सायकलीशिवाय दुसरं काहीही चालवता येत नसे. चालवणं हे ड्रायव्हरचं काम, फिटरचं नव्हे, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. त्यांच्या ह्या समजुतीचा मला पुढे फार उपयोग झाला.

गाडी आमच्याकडे आली ती गरौठ्याहून. तिथल्या एका जमीनदारांचं पंपाचं इंजिन अण्णांनी सुट्टीच्या दिवशी जाऊन सुरू करून दिलं आणि हात धुवायला म्हणून ते गोठ्याकडे वळले. तिथे त्यांना ती दिसली. लांब नाकाची, बुटकी, बिनछपराची, दोन सीटची इंग्रजी स्पोर्ट्स कार, आणि दोन्ही सीटांवर अंडी उबवत बसलेल्या कोंबड्या. जमीनदारांच्या वडिलांनी कधीकाळी हौसेनं घेतलेली ती गाडी त्यांच्यामागे कुणी बाहेर काढली नव्हती. अण्णा तिच्यापुढे इतका वेळ उभे राहिले, की जमीनदारांचा मुलगा म्हणाला, “ले जाओ मिस्त्रीजी, हमाए इतै तौ ई में मुर्गीं बैठत हैं.” ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेंढ्यावर बसून ती आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात उतरली तेव्हा आई कणकेच्या हातांनीच बाहेर आली. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “आणि बाकीची कुठाय?”

बाकीची यायला चार वर्षं लागली. इंजिनाचे तुकडे अंगणातल्या बाजेवर जुन्या चादरीवर मांडलेले असत आणि आईला पापड वाळत घालायला जागा उरत नसे. पितळेवर कानस घासल्याचा किरकिराट, स्टोव्हचा फरफराट आणि मधूनच रुळांवरून डबे एकमेकांना टेकल्याचा दणका, असा आमचा रविवार असे. दुपारी आई गोवऱ्यांच्या विस्तवावर गकरिया भाजायची. शेजारच्या मिश्राबाईंकडून शिकलेल्या त्या जाड, गोल, तुपात बुडवलेल्या रोट्या आणि त्यांच्याबरोबर आमचं नेहमीचं दाण्याचं कूट घातलेलं वांग्याचं भरीत. हाताला घासलेटाचा वास असायचाच, तो त्या तुपातही लागायचा. सीटांची कव्हरं आईनं आपल्या मशीनवर शिवली, “ह्या वयात मला कोंबड्यांची आसनं शिवायला बसवलंत” असं म्हणत म्हणत. रंग अण्णांनी दिला तो रेल्वेच्या डब्यांसारखा गेरूचा, कारण दुसरा एखादा रंग असू शकतो हे त्यांच्या मनातच आलं नाही. मूळची म्हणावी अशी एकच गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे मागचं दाखवणारा छोटा गोल आरसा. त्याला काळे डाग पडले होते, पण दिसायचं.

मी तेव्हा कॉलेजात जात होते. माझा स्वभाव उतावळा. अजून आहे. सत्तरी ओलांडली तरी कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत मी ओट्यापाशी जाऊन उभी असते. तेव्हा तर मला एका जागी बसवतच नसे. जेवताना पाय हलवायचे, पुस्तक शेवटून वाचायचे, कॉलेजातून येताना सायकलीवरून उतरायच्या आधीच फाटकाची कडी काढायला हात पुढे करायचे. झाशी मला अंगाला दाटणाऱ्या झंपरासारखी वाटायची. बडा बाजारातल्या आजोळी गेलं की मावश्या माझ्याकडे बघून “आता हिचं बघा” म्हणायच्या, आणि मी चहा तसाच सोडून जिना उतरायची. मला फार काही नको होतं. त्या गाडीत बसून, स्वतः चालवत, मला कॉलनीच्या फाटकाबाहेर जायचं होतं. शेजारच्या यादवभैयांकडून, जे एका साहेबांची जीप चालवत, मी गाडी शिकले आणि लायसनही काढलं. अण्णांनी हरकत घेतली नाही. फिटरला ड्रायव्हर लागतोच. पण त्यांची परवानगी मागच्या अंगणापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत, एवढीच. तेवढ्या अंतरात तिसरा गिअर टाकायची वेळच येत नसे.

कारण पुढे जायला वहीत ‘फिट’ लागे. घरच्या गाडीसाठीही अण्णांनी शेडसारखी वही घातली होती, लाल कापडी पाठीची. दर रविवारी सकाळी मी इंजिन सुरू करायची, ते स्क्रू पिळायच्या लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून ऐकायचे, मग हात पुसून वहीत लिहायचे: अनफिट. त्याखाली कारण. कधी क्लच, कधी ब्रेकची तार, कधी नुसतं ‘आवाज’. पहिल्या वर्षी ते बरोबर होतं. तिसऱ्या वर्षी गाडी मला तरी ठणठणीत वाटत होती. आई आतून विचारायची, “आज पण अनफिट? बिलकुल हद्द झाली हो तुमची.” अण्णा म्हणायचे, “गाडी माझ्याशी बोलतेय, तुझ्याशी नाही.”

हिवाळ्यात किल्ल्याखालच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळा भरे. ग्वाल्हेर-दतियाकडून गाड्या येत, दोरीच्या कडेनं लोक शेंगा खात उभे राहत, गाड्यांनी मैदानाला दोन फेऱ्या मारून मंचासमोर थांबायचं, मग परीक्षक बघत. अर्जात एक रकाना असे: गाडी दुरुस्त करणाऱ्यानं ती चालवण्यालायक असल्याचं लिहून द्यायचं. पहिल्या वर्षी अर्ज आमच्या देव्हाऱ्यामागे पडून राहिला. दुसऱ्या वर्षीही तेच. दोन्ही वर्षी आम्ही सायकलवरून मेळा बघायला गेलो. अण्णा दोरीला टेकून समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत आणि मला सांगत, “हिचा दुसरा सिलिंडर गेलेला आहे.” तरी ती गाडी आत होती आणि आम्ही बाहेर. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिसऱ्या वर्षी मेळ्याच्या आदल्या रविवारी अण्णांनी लिहिलं: अनफिट. मागचं डावं चाक, बेअरिंग बारीक बोलतं. मी चाक उचलून फिरवून पाहिलं, कान लावला, मला काही ऐकू आलं नाही. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, “वजन पडल्यावर बोलेल.” त्या क्षणी मला त्यांचा खराखुरा राग आला. मला वाटलं, ह्या माणसाला गाडी पुरी व्हायलाच नको आहे. ती झाली तर रविवारी करणार काय? सोमवारी मी वही उघडली, नवीन ओळीवर ‘फिट’ लिहिलं आणि खाली लांब कान्याचा ‘ग’ काढून रेघ मारली. हात जराही अडखळला नाही. अर्जावरही तशीच सही केली आणि तो कॉलेजला जाताना देऊन आले.

मेळ्याच्या रविवारी अण्णांची शेडमध्ये सकाळची ड्यूटी होती. ते गेल्यावर मी गाडी काढली. आई ओसरीत तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं, “त्यांनी हो म्हटलं?” असं विचारलं आणि मी “वहीत बघ” म्हणून मोकळी झाले. फाटकाबाहेर पडल्यावर तिसरा गिअर पडला, तेव्हा मी मोठ्यानं हसले एवढं आठवतं. इलाइट चौराह्यापर्यंत वाऱ्यानं वेणी सुटली होती. रिक्षावाले मान वळवून बघत होते. इतका आनंद मला आयुष्यात फार वेळा झालेला नाही, आणि तो चोरीचा होता म्हणून काही कमी झाला नाही.

मैदानावर आमचा नंबर अकरावा होता. नववी गाडी फिरत असताना मला दोरीच्या पलीकडे अण्णा दिसले. शेडचे तेलकट कपडे, पायाला सायकलच्या क्लिपा, आणि हातात लाल पाठीची वही. आईनं वहीत ‘फिट’ पाहिलं होतं, सही करून ते ड्यूटीवर गेलेत हे तिला पटलं नव्हतं, आणि कुणाच्या तरी हाती तिनं वहीसकट शेडमध्ये निरोप धाडला होता. ते दोरीखालून वाकून आले. आता चारचौघांत उभं आडवं घेणार, अर्ज फाडणार, गाडी इथूनच ढकलत नेणार, असं सगळं मी त्या वीस पावलांत पाहून घेतलं. त्यांनी बॉनेटवर वही उघडून ठेवली.

“ही सही कुणाची?”

मी वहीतल्या त्या लांब ‘ग’कडे पाहिलं.

“माझी आहे का?”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? अर्जावरही तीच होती.

त्यांनी वही मिटली. एकेक करून पायाच्या क्लिपा काढून खिशात टाकल्या, डाव्या बाजूनं वळसा घालून दार उघडलं आणि ते माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. “मग मला बसायला हवं,” ते म्हणाले. “घे पुढे.”

गाडी तोवर कधी चालली नसेल इतकी सुंदर चालली. पहिल्या फेरीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइकवर कुणीतरी सांगत होतं, “यह गाड़ी घर के आँगन में बनी है, भाइयों, घर के आँगन में.” मंचावर एक निवृत्त मेजरसाहेब परीक्षक होते, ते उठून उभे राहिले. मी चोरून अण्णांकडे पाहिलं. त्यांचं लक्ष टाळ्यांकडे नव्हतं, मंचाकडेही नव्हतं. मान डावीकडे मागे झुकवून, डोळे मिटून ते ऐकत होते. दुसऱ्या फेरीचं शेवटचं वळण समोर आलं, तिथून मंच दिसत होता.

“थांबव,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, एकच वळण राहिलंय.”

“विजू, थांबव.”

मी थांबवली नाही. खोटं कशाला सांगू? दहा-बारा पावलांएवढी गाडी मी तशीच पुढे नेली आणि ते तिसऱ्यांदा सांगतील म्हणून वाट पाहिली. पाय टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, ते माझ्या शेजारी नुसते बसून राहिले, माझ्या खोट्या सहीवर. मग माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

माइकवाला म्हणाला, “लगता है मैडम की गाड़ी को नींद आ गई,” आणि सगळं मैदान हसलं. अण्णा खाली उतरले, मागच्या डाव्या चाकापाशी बसले आणि मला म्हणाले, “हात लाव.” मी चाकाच्या मध्यावर चार बोटं टेकवली आणि ओरडून मागे घेतली. बोटांवर फोड आले. अजून तर्जनीवर एक पांढुरका डाग आहे, नातवंडांना मी तो विस्तवाचा म्हणून सांगते. आम्ही दोघांनी मिळून गाडी हळूहळू ढकलत दोरीबाहेर काढली. मेजरसाहेब चालत आले. “मिस्त्रीजी, एक मोड़ तो और निकल जाती. इनाम आपका ही था.” अण्णांनी कपाळाचा घाम बाहीनं पुसला. “निकल जाती साहब,” ते म्हणाले, “शायद.”

घरी आल्यावर आईनं बोटांना साजूक तूप लावलं आणि पानं वाढली. मला रडू येत होतं, आणि ते हरल्याचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ते खरं बोलत होते आणि मी त्यांना मनातल्या मनात खोटं पाडलं होतं. त्यातही माझी जीभ गप्प राहीना. “तुम्ही तसंही कधीच फिट लिहिलं नसतं,” मी म्हटलं. अण्णांनी घास संपवला. “कदाचित,” ते म्हणाले. “मला ते जमत नाही.” आई वाढता वाढता थांबली. बावीस वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून असं काही तिनंही ऐकलं नसावं.

जेवणानंतर त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. “लिही.” मी लिहिलं: अनफिट. मागचं डावं चाक, बेअरिंग तापतं. “खाली सही.” भाजलेल्या बोटांत पेन नीट धरता येत नव्हतं, आणि सवयीनं आधी लांब कान्याचा ‘ग’च निघाला. “स्वतःची,” अण्णा म्हणाले. तो ‘ग’ खोडून मी माझं नाव लिहिलं. वरच्या ओळीतली माझी खोटी सही मी खोडायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. “ती राहू दे. मी बसलो होतो ना.”

त्या दिवसापासून अण्णांनी त्या वहीत काही लिहिलं नाही. रविवारी पेचकस ते माझ्या हाती देत आणि स्वतः बाजेवर बसून शेंगा सोलत. बेअरिंग मी काढलं, नवं मी बसवलं, तीनदा उघडून पुन्हा बसवलं. पहिल्या रविवारी मला वाटलं, आता पुढल्याच आठवड्यात ‘फिट’ लिहीन. पण पेचकस कानाला लावला की काहीतरी ऐकू यायचंच. आधी ते मला ऐकूच येत नव्हतं आणि आता थांबेना. होळी गेली, उन्हाळ्याची लू सुरू झाली, पाऊस आला आणि गेला, आणि मी पानामागून पान अनफिट लिहीत होते. पाय हलवणं, पुस्तक शेवटून वाचणं, सगळं तसंच होतं. फक्त ती सगळी तगमग आता त्या चार चाकांत जाऊन बसली. आई म्हणाली, “आधी एक होते, आता दोघं. मला बापडीला पापड वाळवायला छपरावर चढायला लावा.”

पुढल्या मेळ्याच्या आदल्या दिवशी मी ‘फिट’ लिहिलं आणि सही केली. अण्णांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. दुसऱ्यांदा वाचली. मला वाटलं, आता बोट ठेवून म्हणतील, ह्यात अजून जागा आहे. त्यांनी वही मिटून परत दिली. सकाळी मी गाडी अंगणातून काढली तेव्हा ते फाटकाशी उभे होते. मी त्यांच्यासाठी डाव्या बाजूचं दार उघडलं.

“बसता ना?”

“सही तुझी आहे,” ते म्हणाले. “मी कशाला?” आणि त्यांनी फाटक उघडलं.

त्या वर्षी काय मिळालं ते विचारू नका. एक पितळेचा पेला मिळाला, तो पुढे कुणाच्या तरी मुंजीत पाणी पिण्यासाठी गेला तो परत आला नाही. मला आठवतो तो जातानाचा रस्ता. किती वर्षं मला एकटीनं जायचं होतं. गेले, तर तिसरा गिअर टाकून हसण्याऐवजी मी मान डावीकडे मागे झुकवून ऐकत होते. शेजारची रिकामी सीट, आईनं शिवलेलं तिचं कव्हर, वारा, रिक्षांच्या घंट्या, आणि त्या सगळ्यांखालून चाक. काही बोलत होतं की मला वाटत होतं, समजेना. इलाइट चौराह्याच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली. ब्रेक दाबताना डाग पडलेल्या त्या आरशात मला मागे एक सायकल दिसली. शंभरेक पावलांवर तीही थांबली. एक पाय जमिनीवर टेकून अण्णा पानाच्या टपरीकडे बघत होते, जन्मात कधी पान न खाल्लेले.

मी मागे वळले नाही. उतरले, मागच्या डाव्या चाकापाशी बसले आणि हात लावला. गार होतं. चौकातला शिपाई जवळ आला, “क्या हुआ बहनजी, ख़राब हो गई?” मी म्हटलं, “नहीं भैया, बस देख रही थी.” पुन्हा गाडीत बसून मी आरसा सारखा केला, तेव्हा अण्णांनी सायकल वळवली होती आणि ते घराकडे निघाले होते.